बीटवर नवीन आलात? लोकांचा विश्वास बसावा म्हणून पहिल्या काही महिन्यांत काय काय करायचं

ट्रेनिंग झालं, नानवीज म्हणा, मरोळ म्हणा, जालना म्हणा. ग्राउंड झालं, परेड झाली, कायद्याचे पिरियड झोपा काढत का होईना पण झाले, आणि एक दिवस पोलीस स्टेशनला हजर झालात तर साहेब म्हणतात, अमुक बीट, म्हणजे स्टेशनच्या हद्दीतला अमुक भाग, तुझ्याकडं. आता त्या बीटमधे हजारो माणसं राहतात, त्यातलं एकही तुम्हाला ओळखत नाही, ओळखतात ते फक्त वर्दीला आणि वर्दीबद्दल प्रत्येकाचं मत आधीच पक्कं झालेलं असतं, कोणाच्या भावाला कधीतरी विनाकारण बसवून ठेवलेलं असतं, कोणाची तक्रार घेतलेली नसते, तर कोणाला कधीतरी खरंच मदत झालेली असते. हे सगळं तुमच्या वाट्याला आयतं येतं.

मी आता रिटायर आहे. नोकरीचा मोठा भाग बीटवरच गेला, थोडा शहरात, थोडा तालुक्याला. नवीन पोरं-पोरी विचारतात की काका सुरुवात कुठून करायची, म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवतोय. एक गोष्ट आधीच सांगतो, बाकीचं सगळं त्यातूनच निघतं. विश्वास कमवायचं काम हद्दीत काहीच घडलेलं नसतं तेव्हा करायचं असतं. दगडफेक झाल्यावर, खून पडल्यावर, मोर्चा निघाल्यावर तुम्ही ओळख काढायला गेलात तर लोक खिडकीतून बघतील आणि दार लावून घेतील.

१. गाडी चौकीला लावा आणि पायी फिरा

पहिले दोन-तीन आठवडे जमेल तेवढं पायी. बीट मार्शलची (गस्तीच्या पोलिसांची) गाडी गल्लीत शिरली की पोरं पांगतात आणि मोठी माणसं बोलायचं थांबतात, पायी गेलात की निदान "काय साहेब, नवीन का?" एवढं तरी येतं. पहिल्यांदा जाताना कुठलंही काम घेऊन जाऊ नका. समन्स बजवायला किंवा वॉरंट घेऊन गेलात तर त्या गल्लीत तुमची ओळख कायमची तीच राहणार. नाव सांगायचं, मी इथं नवीन आलोय म्हणायचं, चौकीचा नंबर द्यायचा (स्वतःचा खासगी नको, ह्याचं कारण शेवटी येईल) आणि पुढं जायचं. भाषण ठोकायचं नाही. नावाची पट्टी छातीवर स्पष्ट दिसली पाहिजे, रेनकोटच्या आत गेली असेल तर बाहेर काढा. अटक करताना तर नाव दिसणं आता कायद्यानंच सक्तीचं आहे, पण एरवीसुद्धा बिननावाच्या पोलिसावर कोण भरोसा ठेवणार?

भेटायचं कोणाला? जुना अंमलदार तुम्हाला एक यादी देईल, त्यात नगरसेवक, त्याचा भाऊ, मंडळाचा अध्यक्ष, एखादा बिल्डर असली नावं असतात. ती ठेवा, पण तेवढ्यावरच राहिलात तर बीट तुम्हाला कधी कळणारच नाही. खरी माहिती असते पहाटेच्या दूधवाल्याकडं, रात्री उशिरापर्यंत उघड्या असलेल्या मेडिकलवाल्याकडं, रिक्षा स्टँडवर, सोसायटीच्या वॉचमनकडं. शाळेत गेलात तर हेडमास्तरांना भेटाच, पण शाळेच्या शिपायाजवळ दहा मिनिटं जास्त थांबा, सुटायच्या वेळी गेटबाहेर कोण टवाळखोर उभे असतात ते त्याला पाठ असतं. आणि आशाताई, अंगणवाडी सेविका. कोणत्या घरात बाईला मारहाण चालते हे आशाताईला पोलीस स्टेशनच्या कित्येक महिने आधी माहीत असतं, ती बोलत नाही कारण तिला त्याच गल्लीत परत जायचं असतं. तिला बोलावून घेऊ नका, ती कुठं बसते तिथं तुम्ही जा, आणि बरोबर महिला अंमलदार असेल तर उत्तम. मौलाना, विहारातले कार्यकर्ते, देवळाचे गुरव ह्यांना सण सोडून इतर दिवशी भेटा, कारण सणाच्या आदल्या दिवशी तर सगळेच पोलीस त्यांना भेटतात.

खेड्याचं बीट असेल तर पोलीस पाटील आहेच, १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाखाली नेमलेला, तुटपुंज्या मानधनावर राबणारा माणूस. त्याच्याशिवाय तुमचं पान हलणार नाही. पण तोही त्याच गावचा असतो, त्याचीही भावकी असते, बांधाची भांडणं असतात, त्यामुळं गावात गेलं की पाटलाच्या ओट्यावर चहा पिऊन परत यायचं असं करू नका, दलित वस्तीत जा, पालावर जा, ऊसतोडीचे लोक उतरलेत तिथं जा.

हे सगळं रोज रात्री वहीत लिहा. सरकारी बीट बुक वेगळं, ही तुमची स्वतःची वही. कोण भेटलं, काय म्हणालं. दोन महिन्यांनी परत गेल्यावर "मुलीचं ॲडमिशन झालं का?" असं विचारलंत की माणूस दचकतो, चांगल्या अर्थानं.

२. चहाचे पैसे द्या

हसू नका, ह्याला स्वतंत्र नंबर दिलाय तो उगाच नाही. चहा, वडापाव, पानपट्टी, केळीची फणी, दिवाळीचा बॉक्स, सगळ्याचे पैसे द्यायचे. दुकानदार घेणार नाही, म्हणेल राहू दे साहेब, तुम्ही काय परके का. द्यायचेच. आता तर सोपं झालंय, कोड स्कॅन करा, आणि त्याच्या टपरीवरचा तो छोटा स्पीकर मोठ्यांदा ओरडून सांगतो की वीस रुपये मिळाले. अख्ख्या चौकाला ऐकू जातं, पोलिसानं चहाचे पैसे दिले! ह्याच्याइतकी स्वस्त जाहिरात दुसरी नाही.

गंमत बाजूला. फुकट चहाची किंमत नंतर वसूल होते. त्याच टपरीवाल्याची गाडी फूटपाथवर आली आणि शेजारच्या दुकानदारानं तक्रार केली की तुमचा हात आखडतो, आणि शेजारचा ते बरोबर बघत असतो. लोक पोलिसांच्या बाबतीत मोठमोठ्या बातम्या वाचतात खरं, पण मत बनवतात ते असल्या बारक्या गोष्टींवरून.

३. ठाण्यात आलेला माणूस, पहिली पाच मिनिटं

तुम्हाला लवकरच ठाणे अंमलदाराच्या, म्हणजे स्टेशनला आलेल्यांच्या तक्रारी घेणाऱ्याच्या, मदतीला बसवतील. ही जागा कंटाळवाणी वाटते पण सगळा खेळ इथंच आहे. सामान्य माणूस आयुष्यात पोलीस स्टेशनची पायरी एकदा-दोनदा चढतो आणि त्या दोन वेळांवर जन्मभराचं मत बनवतो, पुढं घरी-दारी पन्नास जणांना सांगतो.

आधी बसायला सांगा. पाणी द्या. मग ऐका, मधे "थोडक्यात सांगा" असं म्हणू नका, घाबरलेला माणूस थोडक्यात सांगू शकत नाही. एक प्रसंग डोळ्यासमोर आणा. साठीच्या बाई आल्यात, गळ्यातलं मंगळसूत्र मोटारसायकलवरच्या दोघांनी ओढलंय, मानेवर लाल वळ आहे, ब्लाउजची शिवण उसवलीय. आणि टेबलामागचा माणूस विचारतो, "नक्की ओढलं का, का पडलं कुठं? गहाळ म्हणून लिहू का?" स्टेशनचे आकडे कमी दिसावेत म्हणून चोरीला गहाळ लिहायची सवय कित्येक ठिकाणी मुरलेली आहे. त्या बाई सही करून जातील, पण त्यांच्या सोसायटीतलं कोणीही पुन्हा तुम्हाला काही सांगायला येणार नाही. मानेवर वळ दिसतोय ना? मग जबरी चोरीच लिहायची, आकडा वाढला तर वाढला.

कायद्याचं थोडं पाठच करा कारण लोकांना हल्ली मोबाईलवर सगळं कळतं आणि तुम्हाला माहीत नसलं की लाज जाते. दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलीस कोर्टाला न विचारता तपास करू शकतात) माहिती आली की एफआयआर नोंदवावाच लागतो, हे सुप्रीम कोर्टानं २०१३ ला ललिता कुमारी केसमधे सांगून टाकलंय. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे, तिच्या कलम १७३ प्रमाणं गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, तक्रार घ्यायची, झिरो नंबरनं नोंद करून पुढं पाठवायची. "हे आमच्या हद्दीत येत नाही" हे वाक्य तोंडातून काढून टाका. तक्रार ऑनलाइन आली तर तीन दिवसांत फिर्यादीची सही घ्यायची. एफआयआरची कॉपी फिर्यादीला फुकट, लगेच, आणि त्यासाठी त्यालाच समोरच्या झेरॉक्सवाल्याकडं पिटाळायचं नाही. जबाबासाठी बायकांना, पंधराच्या आतल्या पोरांना, साठीच्या वरच्यांना, गंभीर आजारी माणसाला पोलीस स्टेशनला बोलवायचं नाही, आपण त्यांच्या घरी जायचं.

एनसीचं, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीचं, मात्र समजावून सांगावं लागतं. माणूस कागद घेऊन जातो, त्याला वाटतं केस झाली, आणि महिनाभरानं चिडून परत येतो की तुम्ही काहीच केलं नाही. त्याला तेव्हाच सांगा की दादा, हा अदखलपात्र आहे, मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय आम्हाला तपास करता येत नाही, तुम्ही कोर्टात असा अर्ज करू शकता, आणि परत त्रास झाला तर समोरच्यावर आम्ही प्रतिबंधक कारवाई करू शकतो. दोन मिनिटं लागतात. नाही म्हणायचं असलं तरी कारण सांगून म्हणा.

मोबाईल हरवल्याची तक्रार सगळ्यात जास्त येते आणि सगळ्यात जास्त टोलवली जाते. सरकारच्या संचार साथी पोर्टलवर हँडसेटचा आयएमईआय नंबर ब्लॉक करायला पाच मिनिटं लागतात, तिथंच करून द्या. कधीकधी खरंच सापडतो, आणि सापडलेला मोबाईल हातात पडलेला कॉलेजचा पोरगा तुमचा जन्माचा माणूस होतो. ऑनलाइन पैसे गेले म्हणून कोणी धावत आला तर आधी कागद-पेन नको, आधी १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावून द्या, पहिल्या तासाभरात पैसे गोठवता येण्याची शक्यता जास्त असते, जबाब नंतर होतो. आणि म्हाताऱ्या माणसांना भेटाल तिथं सांगत जा की डिजिटल अरेस्ट नावाचं काही कायद्यात नाही, व्हिडिओ कॉलवर वर्दी घालून पैसे मागणारा पोलीस नसतो. ह्या भामट्यांमुळं आता खऱ्या पोलिसाचा फोन आला तरी लोक कट करतात, आणि खरं सांगायचं तर बरोबरच करतात. म्हणून फोनवर सांगा, शंका असेल तर चौकीला येऊन खात्री करा.

४. परत फोन करा

ही पायरी छोटी आहे आणि जवळपास कोणी करत नाही. नव्या कायद्यात तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवायची असं आहेच, पण तेवढी वाट कशाला बघायची. आठवड्यात एक तास काढा, वही उघडा, दहा जणांना फोन लावा. "तुमच्या गाडीचा अजून तपास लागला नाही, सीसीटीव्ही बघितले, शेजारच्या स्टेशनला कळवलंय." चोर सापडला नाही म्हणून लोक जेवढे चिडतात त्याच्यापेक्षा जास्त चिडतात ते कोणी विचारलं नाही म्हणून. मुद्देमाल सापडला तर कोर्टातून तो परत घ्यायचा अर्ज कसा करायचा ते स्वतः सांगा, लोकांना माहीत नसतं आणि मधले एजंट पैसे खातात.

५. नाव फोडलंत तर संपलं

गल्लीतल्या कोणीतरी हिंमत करून सांगितलं की अमक्याच्या घरी गावठी दारू विकतात. तुम्ही धाड टाकली. आणि धाड टाकताना कोणीतरी बोलून गेलं, "समोरच्या ताईनी सांगितलं." दुसऱ्या दिवशी तो माणूस त्या ताईच्या दारात उभा. झालं, त्या गल्लीतून पुढची पाच वर्षं तुम्हाला कोणी वाऱ्याचीही बातमी देणार नाही. ११२ ला (तातडीच्या मदतीच्या नंबरला) फोन करणाऱ्याच्या बाबतीत हेच होतं, गाडीतल्या स्क्रीनवर नंबर दिसतो आणि आपले लोक सरळ त्याच्या दारात जाऊन सायरन बंद करतात. आधी फोन लावा, विचारा की तुमच्याकडं येऊ का परस्पर जाऊ. आणि लगेच धाड टाकू नका, दोन दिवस जाऊ द्या, मधे दुसऱ्याच एखाद्या गल्लीत फिरून या, म्हणजे माहिती कुठून आली ह्याचा माग लागत नाही.

६. जिथं आपल्याला बघून लोक पळतात तिथं

हा भाग सगळ्यात अवघड आणि त्यावर ट्रेनिंगमधे सगळ्यात कमी वेळ जातो.

पारध्यांच्या पालावर कधी गेलात तर बघा, गाडीचा आवाज आला की बाप्ये रानात जातात, बायका पोरांना ओढून आत घेतात. हे गुन्हा केला म्हणून पळत नाहीत. इंग्रजांनी १८७१ मधे क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट आणला, अख्ख्या जमातीच्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या, हजेरी लावली, तारेच्या कुंपणात ठेवलं, सोलापूरची सेटलमेंट त्यातलीच. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा गेला, तो दिवस लोक विमुक्त दिन म्हणून पाळतात, पण घरफोडी झाली की पहिल्यांदा पालावर जायची आपली सवय काही गेली नाही. पुरावा काही नाही, नुसतं आडनाव. त्यांच्या आज्यानं पोलिसांकडून मार खाल्लाय, बापानं खाल्लाय, मग तुमच्याशी काय म्हणून बोलतील?

इथं करायचं काय? एक, तपासासाठी पहिल्यांदा जाऊ नका. दाखल्याच्या कामानं जा. जातीचा दाखला, रेशन कार्ड, आधार, शाळेत पोरांची नावं, ह्यातलं काहीच नसतं कारण पुरावा मागितला की जन्माचा कागद नाही आणि कागद नाही म्हणून दाखला नाही. तहसीलला एखाद्या दिवशी बरोबर जा, वर्दीतला माणूस बरोबर असला की क्लार्क खुर्चीवर नीट बसतो. दोन, चौकशीला बोलवायचंच असेल तर कायद्यानं, नोटीस देऊन, स्टेशन डायरीला नोंद करून, घरच्यांना सांगून. रात्री उचलून आणून सकाळी सोडायचं हे बंद. तीन, त्यांची तक्रार घ्या. गावानं मारहाण केली, पाल जाळलं, जमिनीवरून हुसकलं, असलं काही घेऊन पारधी माणूस स्टेशनला आला तर समजा तुमचं काम थोडं जमायला लागलंय. पारधी अनुसूचित जमातीत येतात, तेव्हा ॲट्रॉसिटीचं कलम लागतं का ते तिथंच बघा, २०१८ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी आधी प्राथमिक चौकशीची गरज नाही, आणि "मिटवून घ्या" असं आपण म्हणायचं नाही. गावातले बडे नाराज होतील. होऊ द्या.

शहरात हेच परप्रांतीय मजुरांच्या खोल्यांमधे, तृतीयपंथीयांच्या बाबतीत, मुस्लिम मोहल्ल्यांत थोड्याफार फरकानं आहे. नियम तोच, पहिली भेट संशयाची नको.

७. कमिटी बनवा, पण भिवंडीसारखी

शांतता कमिटी प्रत्येक स्टेशनला असते. सणाच्या आधी बैठक, स्टेजवर साहेब, समोर पांढऱ्या कपड्यातले पुढारी, शाल-श्रीफळ, "आपल्या शहराची परंपरा आहे" अशी भाषणं, बिस्किट-चहा, संपलं. ह्याचा उपयोग फोटोपुरता.

भिवंडीत काय झालं ते माहीत करून घ्या. यंत्रमागाचं गाव, १९७० ला दंगल, १९८४ ला परत भयंकर दंगल. १९८८ मधे सुरेश खोपडे तिथं पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. त्यातलं खरं डोकं असं की कमिटी चालवायची जबाबदारी बीटच्या साध्या पोलिसावर टाकली, आणि सभासद म्हणून पुढाऱ्यांऐवजी गल्लीतली साधी माणसं घेतली, हिंदूही आणि मुसलमानही. दंगल नसताना ही माणसं नियमित एकत्र बसायची, बोलायचं कशावर तर नळावर, गटारावर, पोरांच्या भांडणावर. मग डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ आला, मुंबईत नऊशे माणसं गेली, आणि शेजारची भिवंडी, जी पेटणार असं सगळे धरून चालले होते, ती शांत राहिली. पुढं १९९४ मधे मुंबईतही जुलिओ रिबेरो, सतीश साहनी, सुशोभा बर्वे अशा लोकांनी मोहल्ला कमिटीचं काम सुरू केलं, त्यातूनच पोलीस आणि वस्त्यांमधली पोरं एकत्र क्रिकेट खेळायला लागली.

पण भिवंडीचं पुढचंही वाचा. जुलै २००६ मधे त्याच गावात कबरस्तानाजवळच्या जागेवर पोलीस स्टेशन बांधण्यावरून वाद पेटला, गोळीबारात दोन माणसं मेली आणि त्याच दिवशी जमावानं आपल्या दोन पोलिसांना मारलं. एकदा चांगलं काम झालं म्हणून ते कायम टिकत नाही. माणसं बदलतात, अधिकारी बदलतात, बैठका कागदावर उरतात, आणि जागेसारख्या नाजूक प्रश्नावर लोकांशी पुरेसं बोललंच जात नाही.

तुमच्या बीटमधे छोटी कमिटी करायची असेल तर माझा अनुभव असा. पंधरा-वीस माणसं पुरे. ज्याला निवडणूक लढवायचीय त्याला घेऊ नका, तो बैठकीचा वापर करतो. निम्म्या बायका हव्यात आणि मग बैठकीची वेळ बायकांना जमेल अशी ठेवा, दुपारी तीन-चारला, संध्याकाळी सातला ठेवली की स्वयंपाकाची वेळ असते, कोणी येत नाही, आणि आपण म्हणतो बायका पुढं येत नाहीत. जागा दर वेळी बदला, एकदा शाळेत, एकदा विहारात, एकदा मदरशाच्या हॉलमधे, एकदा सोसायटीच्या ऑफिसात, कारण कित्येक लोक शेजारच्या गल्लीतल्या त्या इमारतीत आयुष्यात पहिल्यांदाच पाय ठेवतात. स्टेज नको, खुर्च्या गोल. साहेब आले तरी गोलातच.

पहिल्या बैठकीत लोक दंगलीवर, दहशतवादावर बोलणारच नाहीत. ते म्हणतील पथदिवे बंद आहेत, रात्री पोरींना भीती वाटते, दारूच्या दुकानाबाहेर गर्दी असते, पार्किंगवरून रोज भांडणं. आपलं काम नाही म्हणून सोडू नका. महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसला स्टेशनच्या लेटरहेडवर पत्र द्या, आणि पुढच्या बैठकीची सुरुवात मागच्या बैठकीत काय ठरलं होतं आणि त्याचं काय झालं ह्यानं करा. दिवा लागला नसेल तर नाही लागला म्हणून सांगा, पत्राची पोच दाखवा. दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीपर्यंत दोन दिवे जरी लागले तरी लोकांना कळतं की इथं बोललेलं वाया जात नाही, आणि मग हळूच कोणीतरी बैठक संपल्यावर मागं थांबतं, तेव्हा खरी माहिती मिळते.

खेड्यात तंटामुक्तीची समिती कागदावर तरी असेलच, आर. आर. पाटील गृहमंत्री असताना १५ ऑगस्ट २००७ ला ती मोहीम सुरू झाली होती, बक्षिसांमुळं गावागावात चढाओढ लागली. ती समिती जिवंत असेल तर नवीन काही काढत बसू नका, तीच वापरा. फक्त बाईवरचा अत्याचार आणि ॲट्रॉसिटी असली प्रकरणं तिथं "मिटत" नाहीत ना एवढं बघा.

८. अफवा

१ जुलै २०१८, धुळे जिल्हा, साक्री तालुक्यातलं राईनपाडा. बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, भिक्षा मागून जगणारी, पोरं पळवणारी टोळी समजून जमावानं ग्रामपंचायतीच्या खोलीत मारून टाकली. व्हॉट्सॲपवर आलेले व्हिडिओ हे कारण. २०२० च्या एप्रिलमधे पालघरच्या गडचिंचल्यात अशाच चोरांच्या अफवेवरून दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर गेला, तिथं तर पोलीस हजर होते.

तेव्हा बीटचा एक ग्रुप ठेवा, पण त्यात सुविचार, गुड मॉर्निंग, साहेबांच्या सत्काराचे फोटो टाकू नका, लोक म्यूट करतात आणि नेमकं पाहिजे तेव्हा मेसेज वाचलाच जात नाही. ग्रुप फक्त कामाचा. अफवा आली की अर्ध्या तासात उत्तर, आणि उत्तर लेखी मेसेजपेक्षा तुमच्या आवाजात द्या, ओळखीचा आवाज लोक पुढं पाठवतात. "मी स्वतः जाऊन बघितलं, असं काही नाही" हे म्हणायचं असेल तर खरंच जाऊन बघा. आणि गोसावी, बहुरूपी, फिरस्ते लोक गावात आले की ते चौकीत किंवा पोलीस पाटलाकडं नोंद करतात, तेव्हा त्याच दिवशी गावाला कळवून टाका की हे लोक आलेत, ओळखपत्र बघितलंय, काळजी नको.

९. सण

थोडक्यात सांगतो कारण बंदोबस्ताचं तुम्हाला वरून येईलच. मंडळांशी नियमांचं बोलणं महिनाभर आधी करा, मिरवणुकीच्या दिवशी डीजेवरून हमरीतुमरी करून काही मिळत नाही. गडबड करू नका अशी आगाऊ नोटीस द्यायचीच तर (जुने लोक अजून १४९ म्हणतात, नव्या संहितेत आता कलम १६८ झालंय) ती घरी जाऊन, समजावून द्या, सरसकट शंभर पोरांना वाटत सुटू नका, ज्यानं कधी काही केलं नाही त्या पोराला नोटीस गेली की त्याचं अख्खं घर दुखावतं. २८ सप्टेंबर २०२३ ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली होती, तेव्हा मुंबईत आणि बऱ्याच शहरांत मुस्लिम संघटनांनी जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचं ठरवलं. असले निर्णय आदेश काढून होत नाहीत, आधीपासून बोलणं असावं लागतं. आणि कोणी असा समजूतदारपणा दाखवला की आभार मानायला साहेबांना घेऊन जा, ते राहून जातं.

१०. आपलाच माणूस चुकला तर

होणारच. नाकाबंदीत कोणीतरी विनाकारण कानफटात मारणार, व्हिडिओ फिरणार, आणि सगळा बीट तुमच्याकडं बघणार. अशा वेळी दोन दिवस गल्लीत जायचं टाळावंसं वाटतं, पण त्याच दिवशी जा. समर्थन करू नका, साहेब चौकशी करतायत एवढं सांगा आणि तक्रार कुठं करायची तेही सांगा: आधी वरिष्ठ निरीक्षक, मग एसपी किंवा कमिशनर, त्यापुढं राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण, मानवी हक्क आयोग. आपल्याच लोकांविरुद्ध तक्रारीचा रस्ता दाखवतो म्हणून स्टेशनमधे दोन-चार जण तुमच्यावर डूख धरतील, त्याची तयारी ठेवा. पोलीस स्टेशनमधे सीसीटीव्ही चालू पाहिजेत हा सुप्रीम कोर्टाचा आदेश २०२० पासून आहे, कोणी कॅमेऱ्याकडं बोट दाखवून बोललं तर चिडू नका. कोणी मोबाईलवर शूटिंग करत असेल तर मोबाईल हिसकू नका, नीट वागा, शूटिंग तुमच्याच कामाला येईल.

मारहाण करून गुन्हे उघडकीला येतात असं सांगणारे जुने लोक तुम्हाला भेटतील, त्यांच्या गोष्टी ऐकायला भारी असतात. पण मार खाऊन दिलेली कबुली कोर्टात टिकत नाही, आणि ज्या वस्तीतल्या पोराला मारलं ती वस्ती साक्षीला येत नाही. एवढा साधा हिशेब आहे.

११. बदली झाली की

आपल्याकडं नेहमी होतं ते असं की एका माणसानं तीन-चार वर्षं खपून बीट बांधायचं आणि बदलीची ऑर्डर आली की दोन दिवसांत रिलीव्ह, नवीन येणारा परत शून्यावर. साहेबांकडून दोन-तीन दिवस मागून घ्या, नव्या माणसाला पायी फिरवा, वहीतली कामाची पानं त्याला द्या (खबर देणाऱ्यांची नावं देऊ नका, त्या लोकांना विचारून, त्यांची तयारी असेल तरच भेट घालून द्या). कमिटीची एक बैठक दोघांनी मिळून घ्या. चौकीचाच नंबर सगळीकडं दिलेला असेल तर तो आपोआप नव्याकडं जातो, म्हणून सुरुवातीला म्हटलं होतं खासगी नंबर वाटू नका. व्हॉट्सॲप ग्रुपचं ॲडमिनपद त्याला द्या आणि तुम्ही त्याच दिवशी ग्रुपमधून बाहेर पडा, नाहीतर लोक तुम्हालाच मेसेज करत राहतील आणि नव्याला कोणी विचारणार नाही.